चित्रफीत-परीक्षण, अमेरिकन फुटबॉलमधील

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे चित्रण पुनःपुन्हा व सावकाश पाहून संघाच्या, विशेषतः त्याच्या आक्रमक फळीच्या, कामगिरीचे चालीगणिक पृथक्करण करण्याची पद्धती. प्रत्येक खेळाडूचे मूल्यमापन करणे, स्वतःच्या संघातील दोष हुडकणे आणि पुढील प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ओळखणे, हे तिचे तीन प्रमुख हेतू होत. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत प्रशिक्षक व खेळाडू यांचा सामन्यांदरम्यानचा बराचसा वेळ या कामी खर्च होतो. खेळाडूला संघात ठेवावे की नाही, याचा निर्णयही पुष्कळदा या परीक्षणावरच ठरतो.

खेळाचे स्वरूप : भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेल्या असोसिएशन फुटबॉलहून हा खेळ सर्वस्वी भिन्न आहे. तो लंबगोल चेंडूने, मुख्यतः हातांनी खेळला जातो. मैदान दोन गोलरेषांमध्ये १०० यार्ड (९१·४४ मी.) लांब असून तिच्या पलीकडे दोन्ही टोकांना १० यार्डांचे एकेक गोलक्षेत्र असते. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ज्याच्या ताब्यात असेल त्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापल्यास पुन्हा चार नवे प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलक्षेत्रात नेल्यास ‘टचडाउन’ होऊन ६ गुण मिळतात. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारल्यास १ गुण अधिक मिळतो. प्रयत्न अपुरे पडण्याची चिन्हे दिसल्यास मैदानातून लाथेने गोल करून ३ गुण मिळविता येतात.

प्रत्येक प्रयत्न ही एक स्वतंत्र व पूर्वनियोजित चाल असते. ती सहसा काही सेकंदांतच संपते; तीनंतर खेळ थांबतो आणि दोन्ही संघ पुन्हा रचना करून उभे राहतात. सामन्याचा नियत काळ ६० मिनिटांचा असला, तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो काळ सु. ११ मिनिटांचाच भरतो. एका संघाच्या वाट्याला एका सामन्यात साधारणतः ६० ते ६५ आक्रमक चाली येतात. खेळ असा तुकड्यातुकड्यांनी घडत असल्यामुळे प्रत्येक तुकडा सुटा करून, त्याचे वर्गीकरण करून तपासणे शक्य होते. चित्रफितीचे परीक्षण या खेळात इतके रुजले, त्याचे मूळ कारण हेच होय.

आक्रमक फळीची रचना : आक्रमक संघाच्या मध्यभागी पाच जणांची अग्रफळी असते. तीत मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड व कडेला टॅकल असे खेळाडू असतात. प्रतिपक्षाला अडवून धरणे हे त्यांचे काम. सेंटर चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅक घेतो. तो चेंडू धावणाऱ्या बॅकच्या हाती देतो किंवा रिसीव्हर अथवा टाइट एंड यांच्याकडे फेकतो. कोणत्या प्रकारचे किती खेळाडू मैदानात आहेत हे प्रशिक्षक दोन आकड्यांनी सांगतात. पहिला आकडा मागे उभ्या राहणाऱ्या धावपटूंचा व दुसरा टाइट एंडचा. ‘११’ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड व अर्थात तीन रिसीव्हर. ‘१२’ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड व दोन रिसीव्हर. परीक्षणाच्या नोंदवहीतील पहिला रकाना बहुधा हाच असतो.

इतिहास : व्यावसायिक संघांची प्रमुख संघटना १९२० मध्ये स्थापन झाली व १९२२ मध्ये तिला ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. तीत आता ३२ संघ आहेत. चित्रफितीच्या अभ्यासाला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय सामान्यतः पॉल ब्राउन या प्रशिक्षकाला देण्यात येते. १९४६ मध्ये मैदानात उतरलेल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचे ते पहिले प्रशिक्षक. खेळाडूंना वर्गात बसवून शिकविणे, त्यांच्याकडून चालींच्या वह्या लिहून घेणे आणि सामन्याची फीत पाहून प्रत्येकाला गुण देणे, या गोष्टी त्यांनी नित्याच्या केल्या. हा संघ १९४६ ते १९४९ या चारही वर्षी ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स या तत्कालीन प्रतिस्पर्धी संघटनेचा विजेता ठरला आणि १९५० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी त्याने तिचे अजिंक्यपद मिळविले.

सिड गिलमन या दुसऱ्या प्रशिक्षकाचा चित्रफितीशी संबंध लहानपणापासूनचा होता. मिनीॲपोलिस येथे त्यांच्या कुटुंबाची चित्रपटगृहे होती. तेथे येणाऱ्या वृत्तपटांतील फुटबॉलचे तुकडे ते कापून घेत व घरी पाहत. पुढे सॅन डिएगो चार्जर्स या संघाचे प्रशिक्षक असताना त्यांनी चालींच्या प्रकारांनुसार फिती कापून वेगवेगळी रिळे तयार करण्याची रीत पाडली. एकाच जातीच्या अनेक चाली सलग पाहिल्या म्हणजे रिसीव्हर किती पावलांवर वळतो आणि चेंडू नेमका केव्हा हातातून सुटायला हवा, यांचे प्रमाण बसविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आधुनिक पास-खेळाची पुष्कळशी उभारणी या निरीक्षणांवर झाली. शत्रुपक्षाच्या हेरगिरीचेही शास्त्र याच सुमारास आकारास आले. नौदल अकादमीच्या संघाचे निरीक्षक स्टीव्ह बेलिचिक यांचा फुटबॉलच्या टेहळणीपद्धतींवरील ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे पुत्र बिल बेलिचिक यांनी पुढे न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचे प्रशिक्षक म्हणून सहा अजिंक्यपदे मिळविली.

आरंभी १६ मिमी. ची फीत वापरीत. सामना संपताच ती धुण्यासाठी धाडावयाची व प्रक्षेपकावर मागेपुढे फिरवून पाहावयाची, असा क्रम होता. १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ फीत आली आणि पुढे संगणकावर साठविलेले चित्रण रूढ झाले. फितीची कापाकापी करण्यात जे तास जात ते त्यामुळे वाचले. ‘तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी’ अशा सर्व चाली क्षणात एकत्र करता येऊ लागल्या. २०१२ पर्यंत प्रशिक्षकांपुरते राखून ठेवलेले हे विस्तृत चित्रण त्या वर्षापासून वर्गणी भरणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनाही उपलब्ध झाले व त्यातून हौशी परीक्षकांचा एक वर्गच निर्माण झाला.

चित्रणाची पद्धत : दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण परीक्षणाला पुरेसे नसते. त्यातील कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. त्यामुळे दूर पळणारे रिसीव्हर आणि त्यांचे पाठलाग करणारे बचावपटू बहुतेक वेळ चौकटीबाहेरच राहतात. प्रशिक्षकांसाठी म्हणून दोन उंच ठिकाणांहून स्वतंत्र चित्रण करतात. मैदानाच्या लांब बाजूवरून घेतलेल्या चित्रात सर्व २२ खेळाडू दिसतात व रिसीव्हरांचे मार्ग समजतात. गोलक्षेत्राच्या मागून घेतलेल्या चित्रात अग्रफळीतील खेळाडूंमधील अंतर, त्यांच्या पायांची ठेवण व धावपटूसाठी उघडलेली फट ही स्पष्ट होतात. प्रत्येक चाल दोन्ही कोनांतून लागोपाठ पाहण्याचा प्रघात आहे.

परीक्षणाचे टप्पे : जाणकार परीक्षक प्रथम चेंडूकडे पाहत नाही. तो एकच चाल अनेकदा फिरवितो आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी लक्ष देतो. पहिल्या वेळी चाल सुरू होण्यापूर्वीची दोन्ही बाजूंची मांडणी पाहतो. दुसऱ्या वेळी अग्रफळी. तिसऱ्या वेळी रिसीव्हर व त्यांच्यावरील पहारा. आणि शेवटी क्वार्टरबॅकचे पाय व डोळे. प्रयत्नाचा क्रमांक, उरलेले अंतर, मैदानावरील जागा, खेळाडूंचे गट, चालीचा प्रकार व निष्पत्ती यांची नोंद होते.

नुसती यार्डांची बेरीज फसवी असते. तिसऱ्या प्रयत्नात दहा यार्ड हवे असताना मिळालेले सात यार्ड निरुपयोगी ठरतात, तर एकच यार्ड हवा असताना मिळालेले दोन यार्ड मोलाचे असतात. म्हणून चालीचे यश गरजेच्या प्रमाणात मोजतात. पहिल्या प्रयत्नात आवश्यक अंतराच्या ४० टक्के, दुसऱ्यात उरलेल्याच्या ६० टक्के आणि तिसऱ्या व चौथ्या प्रयत्नात पूर्ण अंतर मिळाले, तर चाल यशस्वी, अशी एक कसोटी रूढ आहे. मैदानावरील प्रत्येक जागेचे गुणांतील अपेक्षित मूल्य काढण्याचा प्रयत्न व्हर्जिल कार्टर व रॉबर्ट मॅकोल यांनी १९७१ मध्ये एका संशोधनपर लेखात केला. यांपैकी कार्टर हे स्वतः सिनसिनाटी बेंगॉल्स या संघाचे क्वार्टरबॅक होते. चालीमुळे हे मूल्य किती वाढले वा घटले, यावर आजचे पुष्कळसे सांख्यिकीय मूल्यमापन आधारलेले आहे.

खेळाडूंना गुण देताना प्रत्येक चालीत तीन प्रश्न विचारले जातात : त्याने नेमून दिलेले काम केले काय? ते योग्य रीतीने केले काय? आणि त्याचा परिणाम काय झाला? क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला गेला, तर प्रेक्षक सामान्यतः अग्रफळीला दोष देतात. परंतु फीत पाहिल्यावर कधी असे आढळते की, अग्रफळीने तीन सेकंद चोख अडवणूक केली होती. मोकळा रिसीव्हर क्वार्टरबॅकला दिसलाच नाही. कधी बॅकने आपल्या वाट्याचा हल्लेखोर सोडलेला असतो, तर कधी एकही रिसीव्हर मोकळा झालेला नसतो. एकाच घटनेची ही चार भिन्न कारणे असून त्यांवरील उपायही भिन्न आहेत. दोष कोठे आहे हे न ओळखता खेळाडू बदलल्यास दोष तसाच राहतो.

संघ स्वतःच्या सवयीही तपासतो. एखादी मांडणी केली की बहुतेक वेळा धावण्याचीच चाल होते, किंवा पास असताना गार्ड आपला भार टाचांवर घेतो व धावचालीत हातावर पुढे झुकतो, असे काही फितीत आढळल्यास ते प्रतिस्पर्ध्यालाही दिसणार, हे उघड आहे. अशा खुणा पुसून टाकणे, किंवा त्याच मांडणीतून मुद्दाम उलट चाल करणे, हा आत्मपरीक्षणाचा भाग होय.

एक अभ्यासयोग्य उदाहरण : सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या संघाने १९७९ मध्ये १६ पैकी दोनच सामने जिंकले होते. बिल वॉल्श हे त्याच वर्षी त्याचे प्रशिक्षक झाले. ते पूर्वी बेंगॉल्समध्ये पॉल ब्राउन यांचे साहाय्यक होते. लांब पासाचा धोका पत्करण्यापेक्षा छोटे व नेमके पास मैदानाच्या रुंदीभर खेळावेत, आणि सामन्याच्या आरंभीच्या चाली अगोदरच क्रमवार लिहून ठेवाव्यात, अशी त्यांची पद्धत होती. त्या ठरलेल्या चालींना प्रतिपक्ष कसा प्रतिसाद देतो हे पाहून उरलेला सामना आखला जाई. १९८१ च्या हंगामात या संघाने १३ सामने जिंकले.

१० जानेवारी १९८२ रोजी डॅलस काउबॉइज संघाशी झालेल्या सामन्यात फॉर्टीनाइनर्सनी सहा वेळा चेंडू गमावला. निष्पत्तीच्या आकड्यांवरून पाहता हा पराभवाचाच खेळ होता. अखेरची ४ मिनिटे ५४ सेकंद उरली असताना ते २१–२७ असे मागे होते व ८९ यार्ड कापावयाचे होते. पासाच्या भीतीने डॅलसने अधिक पाठरक्षक मैदानात आणले होते. वॉल्श यांनी हे हेरून लेनव्हिल इलियट या बॅककरवी धावण्याच्या चाली केल्या व संघाला पुढे आणले. शेवटी गोलरेषा सहा यार्डांवर आणि प्रयत्न तिसरा होता. क्वार्टरबॅक जो मॉन्टॅना उजवीकडे धावत गेला. पहिला लक्ष्य-रिसीव्हर फ्रेडी सॉलोमन याचा पाय घसरला. याच चालीवर त्याने त्या सामन्यात पूर्वी टचडाउन केले होते. तीन बचावपटू अंगावर येत असताना मॉन्टॅनाने चेंडू उंच फेकला आणि ड्वाइट क्लार्क याने गोलक्षेत्राच्या मागील कडेशी उडी मारून तो झेलला. ५१ सेकंद उरले होते. सामना २८–२७ असा सुटला. दोन आठवड्यांनी फॉर्टीनाइनर्सनी बेंगॉल्सचा २६–२१ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले.

केवळ फीत पाहणाऱ्याला ती फेक चेंडू मैदानाबाहेर घालविण्याची धडपड वाटते. प्रत्यक्षात क्लार्कने मागील रेषेलगत उलट फिरून उजवीकडे येणे हा त्या चालीतील दुसरा पर्याय होता व संघाने त्याचा सराव केलेला होता. फेक उंच होती ती यासाठी की, ती झेलता आली तर क्लार्कलाच यावी. चित्रफीत काय घडले ते अचूक सांगते. काय ठरले होते ते सांगत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

प्रतिपक्षाच्या अभ्यासाचे फळ कसे मिळते, याचे उदाहरण १ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेल्या अजिंक्यपदाच्या सामन्यात दिसले. सिॲटल सीहॉक्स २४–२८ असे मागे असून गोलरेषेपासून केवळ एक यार्डावर होते. त्यांनी एका बाजूस दोन रिसीव्हर एकामागे एक उभे केले. पेट्रिअट्सच्या सरावात हीच मांडणी वापरून पाहिली गेली होती व तेव्हा माल्कम बटलर हा नवखा बचावपटू तीत फसला होता. सामन्यात ती मांडणी दिसताच तो रिसीव्हरच्या आधी त्या जागी पोहोचला आणि त्याने पास पकडला. सिॲटलने धावचाल न करता पास का केला, यावर पुढे बराच वाद झाला. परंतु चाल ओळखली गेली होती, ही गोष्ट त्या वादात पुष्कळदा मागे पडते.

नियम व नीती : पुढील प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रण सर्व संघांना सारख्याच प्रमाणात मिळावे, अशी संघटनेची व्यवस्था आहे. मात्र प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकांच्या खुणांचे मैदानालगतहून चित्रण करण्यास बंदी आहे. २००७ मध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यात पेट्रिअट्सनी असे चित्रण केल्याचे उघडकीस आल्यावर बिल बेलिचिक यांना ५ लक्ष डॉलर व संघाला २·५ लक्ष डॉलर दंड झाला; शिवाय नवीन खेळाडू निवडण्याचा पहिल्या फेरीतील हक्कही संघाला गमवावा लागला. क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात १९९४ पासून व एका बचावपटूच्या शिरस्त्राणात २००८ पासून बिनतारी ध्वनिग्राहक वापरू देण्यात आल्याने खुणांचे महत्त्व पुढे कमी झाले.

मर्यादा : बाहेरच्या परीक्षकाला ठरलेली चाल ठाऊक नसते. रिसीव्हर आत वळला आणि चेंडू बाहेर पडला, तर चूक कोणाची हे फितीवरून ठरविता येत नाही. बचावाची मांडणी पाहून दोघांनी एकच निष्कर्ष काढावा अशी अपेक्षा असते व त्यांपैकी एकाने तो चुकीचा काढलेला असतो. नील हॉर्नस्बी या इंग्रज गृहस्थाने स्थापन केलेली ‘प्रो फुटबॉल फोकस’ ही संस्था प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीत गुण देते. तिच्यावर प्रशिक्षकांचा मुख्य आक्षेप हाच आहे. दुसरी मर्यादा संख्येची. १७ सामन्यांच्या हंगामात संघाच्या आक्रमक चाली एक हजाराच्या आसपास होतात. त्यांची प्रयत्न, अंतर व मांडणी यांनुसार विभागणी केली की प्रत्येक गटात मोजक्याच चाली उरतात आणि चार-पाच चालींवरून काढलेली ‘सवय’ ही निव्वळ योगायोगही असू शकते. तिसरी मर्यादा पाहणाऱ्याची. निष्पत्ती आधीच माहीत असल्याने यशस्वी चालीतील चुका आणि अयशस्वी चालीतील चांगले काम या दोहोंकडे दुर्लक्ष होते. यासाठी निष्पत्तीपूर्वीच चित्र थांबवून कृतीचे मूल्यमापन करण्याचा सल्ला दिला जातो.

२०१५ पासून सर्व सामन्यांत खेळाडूंच्या खांद्यावरील कवचात सूक्ष्म प्रेषक बसविले जातात. त्यांतून प्रत्येकाचे स्थान व वेग सेकंदाला दहा वेळा नोंदले जातात. रिसीव्हर व बचावपटू यांतील अंतर त्यामुळे अनुमानाने सांगावे लागत नाही. तथापि अडवणूक करणाऱ्याचा हात कोठे पडला, किंवा क्वार्टरबॅकने कोणाकडे पाहिले, हे अद्याप डोळ्यांनीच पाहावे लागते.

या परीक्षणाचे परिणाम खेळापुरते मर्यादित नाहीत. सरावशिबिरात संघाकडे ९० पर्यंत खेळाडू असतात. हंगामापूर्वी मुख्य संघात ५३ उरतात. अग्रफळीतील खेळाडूच्या नावावर यार्ड वा गुण लागत नाहीत. त्याचे काम चांगले झाले की ते कोणाच्या ध्यानात येत नाही आणि बिघडले की सर्वांना दिसते. अशा खेळाडूची खरी योग्यता दाखविणारा पुरावा चित्रफीत हाच असतो आणि ती अपुरेपणे वाचली गेल्यास अन्यायही त्याच्यावरच होतो. म्हणूनच काय दिसले, काय अनुमानिले आणि काय कळू शकत नाही, हे तीन भाग वेगळे ठेवणे हे चांगल्या परीक्षणाचे आद्य लक्षण मानले जाते.